गुहागर ते मालवण, तीन दिवसांची सायकल ट्रिप: रिव्ह्यू, रस्ता रोकोसकट

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गुहागर ते मालवण ही तीन दिवसांची सायकल ट्रिप केली. सपोर्ट व्हॅन, दोन रात्रींचं राहणं, नाश्ता-जेवण सगळं धरून माणशी ९,५०० रुपये, सायकल त्यांची हवी असेल तर १,८०० वेगळे. ज्यांच्याबरोबर गेले त्यांचं नाव इथे लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि माणसं मनाने चांगली आहेत, पण किनाऱ्याने अशा ट्रिपा नेणारे आता बरेच जण झालेत, त्यातल्या कुणालाही पैसे भरायच्या आधी काय विचारायचं ते यातून कळेल म्हणून सविस्तर लिहितेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

मी चिपळूणची. माझी स्वतःची हायब्रीड आहे पण तिचा मागचा गिअर तेव्हा दुरुस्तीला होता म्हणून त्यांची सायकल घेतली. आम्ही २२ जण होतो, त्यात बायका सहा, बाकी पुण्या-मुंबईचे, दोघं कोल्हापूरचे. लीडर एकच, सगळे त्याला दादा म्हणत होते, मूळचा आचऱ्याकडचा, वय चाळिशीच्या आसपास, आणि व्हॅन चालवणारा एक मुलगा जो पंक्चरसुद्धा काढायचा. २२ माणसांमागे एक मेकॅनिक कमी पडतो, हे आधीच सांगून ठेवते.

पहिला दिवस गुहागर ते रत्नागिरी. पालशेत, हेदवी करत तवसाळला, तिथून फेरीबोटीने जयगड, मग मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे. ज्यांना वाटतं की किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट त्यांच्यासाठी सांगते, इथे सपाट असं काही नाहीच, प्रत्येक खाडीला खाली उतरायचं आणि पलीकडे परत सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर चढायचं, जांभ्याचा लाल सडा, वर सावली नाही. दादाने फेरीची वेळ बरोब्बर साधली होती, आम्ही पोचलो आणि दहा मिनिटांत बोट लागली, सायकली पुढे लावून घेतल्या. बायकांसाठी दर दोन तासांनी कुठे थांबायचं हे त्याने आधी ठरवून ठेवलं होतं, ओळखीच्या घरी किंवा देवळाच्या धर्मशाळेत, स्वच्छ संडास, आणि न विचारता सांगायचा की इथे थांबतोय. ही गोष्ट मी आजवर कुठल्याच ग्रुपमध्ये बघितली नव्हती, याचे पूर्ण मार्क.

पण ब्रेक! मला दिलेल्या सायकलीचे मागचे ब्रेक पॅड झिजलेले होते आणि हे मला जयगडला जाताना नाही तर आरे-वारेच्या उतारावर कळलं, समोर समुद्र, डावीकडे डोंगर, वळणावर पर्यटकांच्या गाड्या उभ्या, आणि लिव्हर हँडलला टेकतोय. पुढच्या ब्रेकवर कसंबसं आवरलं. संध्याकाळी मुलाने पॅड बदलून दिले, माफी पण मागितली, पण भाड्याची सायकल देताना हे बघायचं काम त्यांचं आहे. तुम्ही गेलात तर निघायच्या आधी दोन्ही लिव्हर दाबून, सायकल पुढे ढकलून बघा. चेन पण कोरडी होती, खाऱ्या हवेत दोन दिवसांत गंजाचा रंग दिसायला लागतो.

रत्नागिरीचं राहणं ठीक. जेवण चांगलं, तांदळाची भाकरी, बांगडा, शाकाहारी लोकांना काळ्या वाटाण्याची उसळ आणि फणसाची भाजी. सोलकढी पातळ होती.

आता दुसरा दिवस, ज्याच्यासाठी खरं म्हणजे हा रिव्ह्यू लिहायला बसले.

रत्नागिरीहून भाट्ये, पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर आणि पुढे देवगड, शंभरच्या वर किलोमीटर. निघायला साडेसात वाजले, मार्चमध्ये हे उशिरा आहे, साडेपाचला निघायला हवं होतं. वाघोटनची खाडी ओलांडून सिंधुदुर्गात शिरलो तेव्हा तीन वाजून गेले होते आणि दोघांना उन्हाने मळमळायला लागलं होतं. पावणेचारच्या सुमारास एक चढ संपला, वळण घेतलं आणि समोर रस्ता बंद. एक पिकअप आडवा लावलेला, आंब्याच्या रिकाम्या लाकडी पेट्या रचलेल्या, आणि मधोमध सुक्या गवताचे भारे. शंभर-सव्वाशे माणसं बसलेली, निम्म्या बायका, डोक्यावर पदर. एक एसटी थांबलेली, कंडक्टर खाली उतरून झाडाखाली. बागायतदारांचा रस्ता रोको. गावाचं नाव लिहीत नाही.

ते गवताचे भारे बघितले आणि माझ्या पोटात गोळाच आला, कारण मला २०१८ ची टूर डी फ्रान्स, म्हणजे फ्रान्समधली ती मोठी टप्प्याटप्प्याची सायकल शर्यत आठवली. आमच्या घरी मी आणि माझा भाऊ दर जुलैला बघतो, बाहेर पाऊस, लाईट जाते-येते, तरी बघतो. २४ जुलै २०१८, सोळावा टप्पा, कार्कासोनहून पिरेनीजमध्ये बान्येर-द-ल्युशाँला, २१८ किलोमीटरचा. सुरू होऊन तीसेक किलोमीटर झाले असतील नसतील, शेतकऱ्यांनी गवताचे गठ्ठे रस्त्यावर टाकले. सरकारी मदतीत कपात होणार होती म्हणून त्यांचं आंदोलन होतं. पोलिसांनी त्यांच्यावर तिखट गॅस मारला आणि तो वाऱ्याने सगळा रायडरांच्याच तोंडावर. गेरांट थॉमस पिवळ्या जर्सीत (म्हणजे शर्यतीत सगळ्यात पुढे) होता, फ्रूम होता, सगळे डोळे चोळत, कुणी बाटलीतल्या पाण्याने डोळे धुतंय, कुणाच्या डोळ्यात डॉक्टर औषध घालतायत. साधारण पंधरा मिनिटं शर्यत थांबली, मग सुरू झाली, आलाफिलीपने तो टप्पा जिंकला, पुढे पॅरिसला थॉमसने टूर जिंकली. दुसऱ्या दिवशी सगळीकडे फोटो कशाचे तर रायडरांच्या लाल डोळ्यांचे. गठ्ठे टाकणारा माणूस काय मागत होता हे कुणीच धड सांगितलं नाही. आणि हे तेच फ्रान्सचे शेतकरी जे दरवर्षी टूर येणार म्हणून शेतात ट्रॅक्टर आणि गवत लावून भल्यामोठ्या सायकलीची चित्रं करतात, वरून हेलिकॉप्टरचा कॅमेरा जातो म्हणून. मला ती चित्रं फार आवडतात. त्या लोकांना सायकलीचा राग नसतो, त्यांच्या दारावरून वर्षातून एकदा अख्खं जग जातं आणि तेव्हाच कॅमेरे असतात, बाकीचे दिवस त्यांच्याकडे कोण बघतंय.

तर आता आमच्याकडे काय झालं ते सांगते. आमच्यातले तिघं जण पुढे होते, चांगल्या रोडबाईक, एकाचं म्हणणं की साईडने कातळावरून सायकल उचलून पलीकडे जाऊ, दोन मिनिटांचं काम आहे, आपल्याला कोण अडवणार. दादा मागून आला, सायकल स्टँडला लावली, हेल्मेट काढलं, गॉगल काढला आणि आम्हा सगळ्यांना म्हणाला, कुणी पुढे जायचं नाही, सायकली रस्त्याच्या कडेला घ्या, एसटीतली माणसं बसलीत तर आपण पण बसायचं. तो आवाज चढवून नाही बोलला पण कुणाची हिंमत झाली नाही. मग तो एकटा चालत गेला, बसलेल्यांच्या मधून नाही, कडेने, आणि एका म्हाताऱ्या काकांसमोर उकिडवा बसला. मालवणीत बोलत होता. पाच मिनिटांनी तेच काका उठून आमच्याकडे आले.

"खंयसून इलास?" म्हणाले. मी म्हटलं चिपळूणहून. "तुमका अडवूक आमी बसलंव नाय. पण रस्तो सोडलो तर आमचा कोण आयकतलो? बाय, सावलेत बस, चक्कर येतली." आणि मळमळणाऱ्या दोघांना बायकांनी कोकम सरबत दिलं, मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी दिल्या. आमच्या व्हॅनमधली केळी आणि पाण्याचे दोन जार दादाने तिकडे पाठवले. अँब्युलन्स आली तेव्हा पिकअप बाजूला झाला, दहावीचा पेपर देऊन येणारी पोरं पण सोडली. पोलीस आले, चार-पाच जण, साहेब खाली बसून बोलले, काठी कुणी उचलली नाही.

दोन तास मी त्या काकांच्या शेजारी बसले होते. त्यांची कलमं शंभराच्या आत. मोहर आला, गळला, परत आला, मध्येच पाऊस पडला, मग तुडतुडा आणि फुलकिडे, फवारणीवर फवारणी, औषधाचा भाव वेगळाच, वर मजुरी. जे राहिलं ते वांदरांनी. तुम्ही शहरात राहत असाल तर वांदरांचं हसू येईल पण कोकणात माकडं आणि रानडुकरं यांच्यामुळे लोकांनी भाजीपाला लावणंच सोडलंय, माझ्या मामाने पावसला परसातला केळीचा बाग मोडला. विम्याची गोष्ट तर मला नीट पहिल्यांदा कळली. फळपीक विमा हवामानावर असतो, म्हणजे तुमच्या बागेत येऊन नुकसान कुणी मोजत नाही, महसूल मंडळात जे हवामान केंद्र आहे तिथे अवेळी पाऊस, कमी-जास्त तापमान, वारा याची नोंद ठरलेल्या आकड्याच्या पलीकडे गेली तरच पैसे. केंद्र कुठेतरी खाली खाडीच्या बाजूला आणि यांची बाग वर सड्यावर, तिथला पारा वेगळा, इथला वेगळा, पाऊस तर एका वाडीत पडतो आणि दुसऱ्या वाडीत नाही हे आपण सगळे बघतोच. बाग जळली आणि कागदावर काहीच झालं नाही. हप्ता मात्र वेळेवर भरलेला. यांची मागणी एवढीच की केंद्रं वाढवा, बागेच्या जवळ लावा, आणि राहिलेले पैसे द्या. कॅनिंगला जाणाऱ्या आंब्याचा दर आधी जाहीर करा ही दुसरी. हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते २०१८ लाच, देवगडच्या आंब्यावर आता कोड असलेलं स्टिकर पण लागतं, तरी मुंबईत कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून विकतातच असं काका म्हणत होते, तिथे पण नुकसान यांचंच.

मी त्यांना सांगितलं की फ्रान्समध्ये पण शेतकरी सायकल शर्यत अडवतात. त्यांना फार नवल वाटलं. १९९० ला पण अडवली होती, तेव्हा आयोजकांनी शर्यत आडवाटेने फिरवून नेली. आणि १९८२ ला तर देनँ गावात पोलाद कारखान्याचे कामगार रस्त्यावर बसले, कारखाना बंद पडायला आला होता म्हणून, आणि त्या दिवसाचा सांघिक टाइम ट्रायलचा (एकेका संघाने घड्याळाविरुद्ध धावायचा) टप्पा रद्दच करावा लागला. काका ऐकत होते, मग विचारलं, "मगे तेंका काय गावला?" मी खरं ते सांगितलं, कारखाना वाचला नाही, पुढच्या काही वर्षांत बंदच झाला. ते काही बोलले नाहीत, पेटीची एक सुटलेली पट्टी हाताने दाबून बसवत राहिले. मला तेव्हापासून सारखं वाटतंय की मी ते सांगायला नको होतं.

सव्वासहाला तहसीलमधून कुणीतरी येऊन निवेदन घेतलं आणि रस्ता मोकळा झाला. देवगड अजून ३१ किलोमीटर. पुढच्या चढावर सूर्य गेलाच असता. दादाने सांगितलं की आता सायकल कुणीच चालवायची नाही, अंधारात सागरी महामार्गाच्या वळणांवर डंपर येतात, आणि अर्ध्या लोकांकडे मागचा लाल दिवा नाही. हा निर्णय शंभर टक्के बरोबर. पण व्हॅनमध्ये सायकली मावतात सहा! मग ज्या पिकअपने रस्ता अडवला होता तोच, आणि अजून एक, बागायतदारांनी दिला, फक्त डिझेलचे पैसे घेतले. सायकली एकमेकांना घासू नयेत म्हणून त्यांनी रस्त्यातले ते गवताचे भारे उचलून मध्ये मध्ये घातले आणि सुंभाने बांधलं. एकाही सायकलीला ओरखडा नाही. आम्ही एसटीने गेलो, तीच एसटी, कंडक्टरने पुढे जागा करून दिली.

रात्री देवगडला जेवताना मात्र वाजलं. ज्यांना कातळावरून जायचं होतं त्यांच्यापैकी एकाने पैसे परत मागितले, ३१ किलोमीटर कमी झाले म्हणून. मला त्याचा राग नाही आला, त्याने सुट्टी काढलेली, ट्रेनिंग केलेलं, पूर्ण शंभर करायचे होते. पण मी त्याला २०२४ च्या अंदालुसियाच्या सायकल शर्यतीचं उदाहरण दिलं, फेब्रुवारीत स्पेनमध्ये शेतकऱ्यांची आंदोलनं एवढी पसरली की पोलीस सगळे तिकडे, शर्यतीच्या बंदोबस्ताला माणसंच नाहीत, पाच दिवसांच्या शर्यतीतून शेवटी पाचेक किलोमीटरचा एक टाइम ट्रायल तेवढा झाला. त्याच महिन्याच्या तोंडावर फ्रान्समध्ये बेसेजच्या शर्यतीचा पहिला दिवस पण शेतकरी आंदोलनामुळे रद्द झाला होता. पगार घेऊन सायकल चालवणारी माणसं, वर्षभर त्या आठवड्याची तयारी केलेली, ती पण हॉटेलात बसून राहिली. रस्ता बंद असतो तेव्हा बंद असतो.

पण आता माझी खरी तक्रार, आणि ती दादाला तोंडावर पण सांगितली. जिथे राहिलो त्या मावशी भाकऱ्या वाढता वाढता बोलून गेल्या की रास्ता रोको होणार हे अख्ख्या तालुक्याला दोन दिवस आधीपासून माहीत होतं, पेपरात आलेलं, व्हॉट्सॲपवर फिरत होतं. मी दादाकडे बघितलं. तो म्हणाला हो, मला माहीत होतं, सकाळी अकराचा होता, वाटलं आपण पोचेपर्यंत संपेल.

हे चालणार नाही. फेरीची वेळ सांगतोस, भरती-ओहोटी सांगतोस, संडास कुठे ते सांगतोस, मग हे का नाही सांगितलंस? सांगितलं असतं तर आम्ही साडेसातच्या ऐवजी पाचला निघालो असतो, नाहीतर जैतापूरलाच जेवून थांबलो असतो, दिवे घेतले असते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथे पोचताना माणसं कशासाठी बसलीत हे माहीत असतं, चिडचिड करत पोचलो नसतो. मळमळणाऱ्या मुलीला चार तास आधी व्हॅनमध्ये बसवता आलं असतं.

मला यात आदर्श वाटतो तो २०२५ च्या टूरचा एकोणिसावा टप्पा. आल्बेरव्हिल ते ला प्लान्य, आल्प्समध्ये. कोल दे सेझीच्या घाटात गुरांना लम्पी झाला, आपल्याकडे २०२२ मध्ये आला होता तोच रोग, आणि तिथला अख्खा कळप मारावा लागला. ज्याने गुरं पाळलीयत त्याला हे काय असतं ते सांगायला नको, आमच्या शेजारच्या वाडीत २०२२ ला एक बैल गेला तर त्या घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती. टूरवाल्यांनी काय केलं, आदल्या दिवशीच जाहीर केलं की त्या घाटातून जाणार नाही, तिथल्या शेतकऱ्यांवर जे ओढवलंय ते बघता, आणि जवळपास १३० किलोमीटरचा टप्पा ९५ चा केला. शेवटच्या डोंगराळ टप्प्यातले पस्तीस किलोमीटर सोडले. जगातली सगळ्यात मोठी शर्यत जर आदल्या दिवशी सांगून वाट बदलू शकते तर २२ जणांची ट्रिप का नाही? दादाचं म्हणणं होतं की आतल्या रस्त्याने नेता आलं असतं पण तो रस्ता याच माणसांच्या वाड्यांतून जातो, माणसं रस्त्यावर बसलेली आणि आपण त्यांच्या अंगणातून सायकली पळवायच्या, ते त्याला नको होतं. हे मला पटलं. पण मग आम्हाला विचारायचं होतं, आम्ही पण तेच म्हटलं असतं. बहुतेक जण तरी.

त्याने ऐकून घेतलं, सबबी दिल्या नाहीत. पैसे परत मागणाऱ्याला सरसकट परतावा नाही दिला पण पुढच्या ट्रिपला हजार रुपये कमी घेईन म्हणाला, आणि पिकअपच्या डिझेलचे पैसे आमच्याकडून मागितले नाहीत. मला हे योग्य वाटलं.

तिसरा दिवस थोडक्यात. साडेपाचला निघालो, शेवटी! तारामुंबरीचा पूल, मिठमुंबरी, कुणकेश्वरला सूर्य वर आला तेव्हा देवळाच्या मागे समुद्राला ओहोटी होती, घावणे आणि चटणी, मग मिठबाव, आचरा, साडेदहाला मालवण. जेमतेम पन्नास किलोमीटर, हा दिवस नवीन लोकांना पण जमेल, दुसरा नाही जमणार. कंपनीच्या जाहिरातीत तिन्ही दिवस "सोपे ते मध्यम" लिहिलेत ते चुकीचं आहे, रत्नागिरी-देवगड मार्चमध्ये अवघड आहे, उन्हासकट.

मार्क द्यायचे तर राहणं-जेवण १० पैकी ७, सायकली ४, बायकांची सोय १०, वेळेचं नियोजन ५, आणि रस्त्यात माणसांशी कसं वागायचं याचे ९. एक मार्क आधी न सांगितल्याचा कापला. हा शेवटचा आकडा मी सगळ्यात वर धरते, कारण बाकीचं पैसे टाकून सुधारतं. मी अशा ग्रुपबरोबर पण गेलेय जिथे लीडर शिट्टी वाजवत गुरं हाकलतो आणि गुराख्यालाच ओरडतो. किनाऱ्याचा रस्ता लोकांच्या दारातून जातो, खळ्यात भात वाळत असतं, जाळी सुकत असतात, आंब्याच्या सीझनमध्ये पिकअप रस्त्यावरच भरतात. तुमचा लीडर हेल्मेट काढून बोलतो की नाही ते बघा.

बुकिंग करणाऱ्यांनी तीन गोष्टी फोनवर विचारा. सायकलीचे ब्रेक शेवटचे कधी बघितले. वाटेतल्या तालुक्यांत त्या तारखांना मोर्चा, रास्ता रोको, जत्रा, काही आहे का, आणि असेल तर आम्हाला कधी कळवणार. सगळ्या सायकली भरायची वेळ आली तर गाडी कुठून येणार. मी नोव्हेंबरच्या बॅचसाठी हेच विचारलं. दुसऱ्याचं उत्तर आलं की आता निघायच्या आधी दोन दिवस रोज संध्याकाळी ग्रुपवर मेसेज टाकणार, आणि तिसऱ्याचं उत्तर आलं की त्याच पिकअपवाल्यांशी बोलून ठेवलंय, नंबर दिलाय, भाडं ठरलंय. ब्रेकचं उत्तर अजून नाही आलं. मी यावेळी माझीच सायकल नेणार आहे.